चढावर-उतारावर गाडी उभी करताना तुम्ही नेमकं काय काय करता?

वाळूजकर

रविवारी आई, बायको आणि दोन लेकरांना घेऊन म्हैसमाळला निघालो होतो. खुलताबाद सोडून घाट चढायला लागलो तसे ढग पार रस्त्यावर उतरले. लेकरं मागून ओरडायली, "पप्पा थांबा, पप्पा थांबा." एका वळणाच्या पुढं कडेला मुरमाची मोकळी जागा दिसली, तिथं थांबलो. हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, न्यूट्रलमध्येच सोडली आणि उतरलो. आईचे गुडघे दुखतात म्हणून ती मागच्या सीटवरच बसून राहिली.

फोटो काढायला वीस-पंचवीस पावलं पुढं गेलो असेन. मागून मुरूम करकरल्याचा आवाज आला. वळून बघतो तर गाडी मागं सरकायली. वेग काहीच नाही, थकलेल्या बैलाची चाल. आई काचेतून ढगाकडं बघत बसलेली, तिला काही कळलंच नव्हतं. पळत गेलो, दार उघडलं, अर्धं अंग आत टाकलं आणि हातानंच ब्रेकचं पेडल दाबलं. त्याच वेळी मागचं चाक कडेच्या दगडांच्या ढिगाला टेकलं. ढीग नसता तर त्याच्या मागं पंधरा फुटांवर दरी होती.

नऊ वर्षं झाली गाडी चालवतोय. ज्या क्लासला शिकलो तिथं मैदानात आठ काढायला शिकवलं, रिव्हर्स शिकवलं, पण उतारावर गाडी सोडून कसं उतरायचं हे एका शब्दानं कोणी सांगितलं नाही. चार दिवस झाले, डोळे मिटले की मुरूम करकरल्याचा आवाज येतो.

सांगा, गियर कोणता टाकायचा? चाकं कुणीकडं वळवायची? दगड लावायची गरज छोट्या गाडीला असते का, की ते ट्रकवाल्यांचं काम?

मुदखेड_एक्सप्रेस

बापरे. आधी आईंना नमस्कार सांगा आणि त्या दगडाच्या ढिगाला नारळ फोडून या.

गॅरेजवाला_परभणी

वाळूजकर, तुमच्या गाडीत बिघाड नव्हता, किंवा थोडाच होता. समजून घ्या. दहा फूट चालल्यावर एक फूट चढणारा रस्ता धरा. त्याच्यावर हजार किलोची गाडी उभी केली तर तिला खाली ओढणारा जोर शंभर किलोच्या आसपास असतो. म्हणजे एक धडधाकट माणूस सारखा तुमची गाडी खाली ओढतोय. माणसं आणि सामान भरलं की हा जोर अजून वाढतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या दोन चाकांना धरतो, तोही एका वायरनं. वायर वापरून वापरून ताणते, चाकाला घासून धरणारे ब्रेकचे लायनर झिजतात. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या सहा-सात गाड्यांचा दांडा पार वरपर्यंत येतो तरी चाक धरत नाही. सपाटीवर ते कळत नाही, कारण सपाटीवर गाडीला कुठं जायचंच नसतं.

आता क्रम सांगतो. पायानं ब्रेक दाबून धरा. गाडी न्यूट्रल करा. हँडब्रेक पूर्ण ओढा. मग पायाचा ब्रेक हळू सोडा आणि थांबा. गाडी दोन-चार इंच हलून हँडब्रेकवर बसेल. बसली का? नाही बसली, सरकतच राहिली, तर ती गाडी तिथं उभी करायची नाही, विषय संपला. बसली तर परत पाय ब्रेकवर, इंजिन बंद, क्लच दाबून गियर टाका. तोंड चढाकडं असेल तर पहिला, उताराकडं असेल तर रिव्हर्स. मग क्लच सोडा, शेवटी ब्रेक सोडा.

बहुतेक छोट्या गाड्यांत गियर पुढच्या चाकांना धरतो आणि हँडब्रेक मागच्या. दोन्ही लावले की चारही चाकं बांधली गेली. तुम्ही दोनच बांधली होती.

ट्रॅक्टरनाना

वरच्या गॅरेजवाल्या भावाचं सगळं बरोबर. एकच भर. जुन्या जीप, पिकअप असल्या गाड्यांत गियर बी मागच्याच चाकाला आन हँडब्रेक बी मागच्याच चाकाला. पुढची दोन मोकळीच. तवा अशा गाडीला दगड लावल्याबिगर उतरायचं नाही.

पुणेस्थित_माजलगावकर

मी पावसाळ्यात हँडब्रेक लावतच नाही. दोनदा जाम झाला. चार दिवस गाडी उभी होती, ड्रमला लायनर चिकटले, गाडी हलेना. शेवटी मागचं चाक खोलून हातोडीनं ठोकावं लागलं. गियरमध्ये ठेवायची बस. गियर पुरेसा असतो.

गॅरेजवाला_परभणी

@पुणेस्थित_माजलगावकर, सपाट पार्किंगमध्ये चार-आठ दिवस उभी करायची असेल तर तुमचं खरं आहे, मी पण गिऱ्हाइकांना तेच सांगतो. पण उतारावर गियर एकटा पुरत नाही. गियरमध्ये गाडीला कोण धरून ठेवतं? सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा. ती हवा पिस्टनच्या रिंगांमधून हळूहळू निसटते. निसटली की इंजिन अर्धा फेरा फिरतं, गाडी चार बोटं सरकते. पुन्हा हवा दाबते, पुन्हा निसटते. जुनं, रिंगा गेलेलं इंजिन असेल तर तासाभरात गाडी फूट-दोन फूट गेलेली मी स्वतः पाहिली आहे. आणि घाईत कोणी चौथ्या-पाचव्या गियरला ठेवली तर ती धरतच नाही म्हणा. जड गियर दोनच, पहिला आणि रिव्हर्स.

पुणेस्थित_माजलगावकर

हे हवा निसटण्याचं माहीत नव्हतं. गावी आमच्या घरासमोर उतारच आहे, पोळ्याला आलो की गियरवर सोडून आत जेवायला बसतो. आता नाही करणार.

बाईंची_शाळा

आम्ही अंबाजोगाईला राहतो, गाव बालाघाटाच्या डोंगरावर. आमची गल्ली अशी की पायरीवर ठेवलेला चेंडू थेट कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जातो. रोज गाडी तिथंच लावते. वाळूजकर दादा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण ते मला माझ्या सासऱ्यांनी कंपासपेटी आणि काडेपेटी घेऊन ओट्यावर बसून शिकवलं.

आपण रस्त्याच्या डाव्या कडेला गाडी लावतो. कडेला फुटपाथची उंच कड असेल आणि तोंड उताराकडं असेल तर चाकं डावीकडं, कडेकडं वळवायची. गाडी सुटली तर पुढचं चाक लगेच कडेला अडतं. तोंड चढाकडं असेल तर चाकं उजवीकडं वळवायची आणि गाडी हळूच मागं येऊ द्यायची, म्हणजे पुढच्या डाव्या चाकाची मागची बाजू कडेवर टेकते. दोन्ही वेळा गाडी कडेवर रेलून उभी राहते, हँडब्रेकवरचा ताण कमी होतो.

पण आमच्याकडं फुटपाथ आहेत कुठं? असतात त्या उघड्या नाल्या. माझी गाडी एकदा अशीच सुटली आणि चाक नालीत गेलं. गाडी थांबली खरी, पण चाक धरून ठेवणारा खालचा आर्म वाकला. तेव्हापासून मी घराच्या दगडी पायरीला चाक टेकवून लावते. पायरी नाली-एवढी लबाड नसते.

घाटरस्ता

@बाईंची_शाळा, छान समजावलंत. कड नसेल तर सोपा नियम: चढ असो की उतार, चाकं डावीकडं. गाडी सुटली तरी ती रस्त्याबाहेर जाते, वाहतुकीत येत नाही.

लालपरी_चालक

घाटरस्ता साहेब, थांबा. हा नियम गावातल्या रस्त्याला ठीक आहे. घाटात हाच नियम माणसं मारील.

मी एसटीत एकतीस वर्षं गाडी चालवली. औट्रम घाट, म्हणजे आपला कन्नड-चाळीसगावचा घाट, किती वेळा केला याचा हिशेब नाही. घाटात डावीकडं काय आहे ते आधी बघायचं. डावीकडं डोंगर असेल तर चाकं डावीकडं, कबूल. गाडी सुटली तर डोंगराला घासेल, पत्रा जाईल, माणूस राहील. पण डावीकडं दरी असेल आणि कठडा नसेल, तर चाकं डावीकडं वळवणं म्हणजे गाडीला दरीचा पत्ता सांगणं. जाताना डोंगर डावीकडं असेल तर येताना दरी डावीकडं येते, हे लोक विसरतात.

वाळूजकर, तुमच्या डाव्या हाताला काय होतं?

वाळूजकर

दरीच होती, काका. डोंगर उजव्या हाताला. म्हणूनच तर फोटो काढायला तिकडं थांबलो.

लालपरी_चालक

तिथंच चूक झाली, गियर टाकण्याच्या आधीच. दरीच्या बाजूला, चढावर, मुरमावर, वळणाला लागून. यातली एक गोष्ट असली तरी पुढं जायचं, तुमच्याकडं चार होत्या. म्हैसमाळ वर गेलं की सपाट पठार आहे. दहा मिनिटं अजून चालवली असती तर लेकरांना वर मनसोक्त ढगात खेळता आलं असतं.

रागावून बोलत नाही. माझ्या मुलाला पण असंच सांगितलं असतं.

नाइलाज झाला, गाडी बंदच पडली, तर ड्रायव्हरनं सीट सोडायची नाही. पाय ब्रेकवर, चारही इंडिकेटर चालू, चाकं डोंगराकडं, आणि दुसऱ्या माणसानं दगड लावायचा. दगड लावणाऱ्यानं गाडीच्या मागं उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. आणि लेकरांच्या हातून दगड कधीच लावून घ्यायचा नाही.

पावसाळ्यात एका रात्री आम्ही त्याच घाटात अडकलो होतो. वर कुठंतरी ट्रक आडवा झालेला. रांग दर वीस मिनिटांनी दहा फूट पुढं सरकायची. माझ्या पुढच्या ट्रकचा क्लीनर, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, भिजलेलं पोतं डोक्यावर आणि पोटाशी काळा दगड धरून चाकाच्या बाजूनं चालत होता. ट्रक थांबला की दगड चाकाला लावायचा आणि ट्रकच्या अंगावर हातानं दोनदा थाप मारायचा. दोन थापा म्हणजे दगड लागला. मग वर ड्रायव्हर पाय सोडायचा. दगड उचलला की एक थाप. पहाटेपर्यंत त्या पोरानं तेच केलं, एकदाही चुकला नाही. उजाडल्यावर मी त्याला माझ्या डब्यातली भाकरी दिली. त्याचे दोन्ही तळहात सोलले होते.

घाटरस्ता

काका, माझं चुकलं. मी सपाट भागातला विचार करून लिहिलं. डोंगर-दरी बघूनच चाकं वळवायची, हे बरोबर.

मुदखेड_एक्सप्रेस

आयडी घाटरस्ता आणि विचार सपाट भागातला! 😄 काकांची दोन थापांची गोष्ट मात्र मनात राहील.

इलेक्ट्रिक_लातूर

माझी गाडी इलेक्ट्रिक. गियरमध्ये ठेवायची सोयच नाही, इंजिनच नाही तर दाबली जाणारी हवा कुठून आणू? पी म्हणजे पार्कचं बटण दाबतो आणि हँडब्रेकचं बटण दाबतो. पुरे ना? आणि ऑटोमॅटिकवाल्यांनी काय करायचं? बायकोची ऑटोमॅटिक आहे. तुळजापूरला उतारावर लावली होती, निघताना पी मधून काढली तर खाडकन आवाज आला. वाटलं, काहीतरी तुटलं.

गॅरेजवाला_परभणी

तुटलं नाही, पण रोज केलं तर तुटेल. पी ला टाकल्यावर गियरबॉक्समध्ये एक छोटा लोखंडी खिळा दातेरी चाकात अडकतो. तुम्ही आधी पी टाकला आणि मग ब्रेक सोडला, म्हणून गाडीचं सगळं वजन त्या बोटाएवढ्या खिळ्यावर आलं. काढताना तो ताणातून सुटला, तो खाडकन आवाज. क्रम उलटा करायचा. ब्रेकवर पाय, न्यूट्रल, हँडब्रेक, पाय हळू सोडून गाडी हँडब्रेकवर बसवायची, परत ब्रेक दाबून मग पी. म्हणजे वजन हँडब्रेकवर आणि खिळा राखीव. इलेक्ट्रिकलाही हीच तत्त्वं, आणि गियर नाही म्हणून चाकाला ठोकळा जास्तच गरजेचा.

अजून एक. ज्यांच्या मागच्या चाकांना ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे ब्रेकची लोखंडी तबकडी आहे त्यांनी ऐका. घाट उतरून आल्यावर डिस्क चांगलीच तापलेली असते. त्या वेळी हँडब्रेक लावला तर तो गरम, फुगलेल्या डिस्कवर बसतो. निवल्यावर डिस्क आकसते आणि पकड सैल होते. गाडी लावल्यावर अर्ध्या तासानं आपोआप सुटली, अशा तक्रारी येतात त्यातल्या काहींचं कारण हे असतं. घाट उतरल्यावर दांडा एक-दोन दात जास्त ओढायचा आणि गियर टाकायचाच.

इलेक्ट्रिक_लातूर

आणि ते हिल होल्ड का काय असतं ते?

घाटरस्ता

ते फक्त चढावर निघताना ब्रेकवरून ॲक्सिलरेटरवर पाय नेईपर्यंत दोन-तीन सेकंद धरतं. गाडी उभी करून उतरायला त्याचा काही उपयोग नाही. ते धरलंय म्हणून उतरणारा माणूस मी डोळ्यांनी बघितलाय. गाडीनं त्याला दार लावायलाही वेळ दिला नाही.

नायगावचा_वकील

कायद्याचं थोडं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम १२६ नेमकं हेच सांगतं. ड्रायव्हरच्या सीटवर परवानाधारक माणूस नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी व्यवस्था हवी. धोकादायक जागी गाडी सोडून जाण्याबद्दल कलम १२२ वेगळं आहे. म्हणजे गाडी सुटून कुणाला लागलं तर "मी हँडब्रेक ओढला होता" एवढंच म्हणून सुटका होत नाही, तो धरला का हेही बघितलं जातं.

ट्रॅक्टरनाना

वकीलसाहेब, कायद्याचं बरं झालं सांगितलं. आता माझं गाऱ्हाणं ऐका.

आम्ही धारूरकडचे. उसाचा हंगाम आला की घाटात एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या असत्यात. चढ चढंना की ट्रॅक्टरवाला जागेवरच थांबतो, चाकाला हे मोठाले दगड लावितो, चहा पितो, निघून जातो. दगड रस्त्यातच. रात्री मागून मोटारसायकलवाला येतो, त्याला दगड दिसत नाही. माझा चुलतभाऊ असाच पडला, मांडीचं हाड मोडलं, दीड वर्ष घरात. दगड लावणं चांगलं, पण उचलून बाजूला टाकणं त्याच्याहून चांगलं.

आन दुसरं. ऊसतोडीला गेलेली माणसं दुपारी सावलीला ट्रॉलीखाली बसत्यात, झोपत्यात. लेकरांना बी तिथंच झोळी बांधत्यात. जमीन जरा जरी उताराची असली तरी हे करू नका म्हणून मी दर साली सांगतो. एकदा ट्रॉली हातभर सरकली, झोळीचा कासरा ताणून तुटला, लेकरू खाली मऊ पाचटावर पडलं म्हणून वाचलं. त्या माऊलीचा हंबरडा अजून कानात हाय.

बाईंची_शाळा

नाना, वाचून अंगावर काटा आला. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाऊन परत आलेली मुलं आहेत. हे मी त्यांना उद्या फळ्यावर चित्र काढून सांगणार आहे.

पुणेस्थित_माजलगावकर

एक शंका. उतारावर पंक्चर झालं तर?

गॅरेजवाला_परभणी

जॅक लावायचा नाही. हवा गेलेल्या टायरवरच हळूहळू सपाट जागेपर्यंत जा. टायर गेलं तर गेलं. कारण असं: तुम्ही जॅकनं पुढचं एक चाक उचललं की गियरची पकड गेली, उचललेलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचंही सुटतं. मागचं उचललं तर हँडब्रेकची अर्धी पकड गेली. गाडी जॅकवरून घसरते ती अशी. सपाटीवरही जे चाक उचलायचं त्याच्या समोरच्या तिरक्या चाकाला दोन्हीकडून ठोकळे लावूनच जॅक फिरवायचा.

वाळूजकर

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा गॅरेजमध्ये जाऊन हँडब्रेक दाखवला. वायर सैल होती, लायनर निम्मे झिजलेले. दोन्ही बदलले.

मग काल संध्याकाळी कॉलनीच्या मागं पाण्याच्या टाकीकडं जाणारा उतार आहे, तिथं गेलो. आई म्हणाली, मी पण येते. तिला आत बसवणार नव्हतो, ती खुर्ची टाकून बाजूला बसली. क्रमानं सगळं केलं. पायाचा ब्रेक सोडल्यावर गाडी दोन बोटं मागं आली आणि बसली. खरंच बसली, ते अंगाला कळतं. मग पहिला गियर. मग चाकं. मग उतरून आधी पाच मिनिटं नुसता गाडीकडं बघत उभा राहिलो. आई म्हणाली, "आता तिला नजर लावू नको, चल."

आता दगडाऐवजी ठोकळे करून घ्यायचेत. कशाचे करू?

ट्रॅक्टरनाना

बाभळीचे. वाळलेल्या बाभळीचं लाकूड दगडाला भारी पडतंय. पाचरीसारखे तिरके कापून घ्या, गोल नको. उंची चाकाच्या पाव तरी पाहिजे, तुमच्या गाडीला सहा इंच धरा. उताराच्या बाजूनं दोन्ही चाकांना टायरला घट्ट चिकटवून लावायचे, फट ठिवायची नाही. आन दोन्ही ठोकळे एका दोरीनं बांधा. निघताना दोरी ओढली की दोन्ही हातात येत्यात, गाडीमागं वाकावं लागत नाही आन रस्त्यात बी काही राहत नाही.

वाळूजकर

नाना, सुताराकडून आणले. दोरी शोधत होतो तर आईनं तिच्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून पीळ घालून दिला. हिरवा आहे, लांबून दिसतो.

लालपरी_चालक

दोरीला मधे एक गाठ मारा, हातात धरायला.

वाळूजकर

मारली, काका.